डावी बाजू मोकळी

पेठेत एरवी कुणाची नजर लागली की आया पोरांवरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकतात. सोनटक्के तालमीच्या पेठेत मात्र उलटा कारभार होता. जयदीप चौगलेची नजर आपल्या पोराला लागावी म्हणून आईबाप रविवारी सकाळी मैदानाच्या कडेला ताटकळत उभे राहायचे, आणि यादीत नाव आलं नाही की अध्यक्ष अण्णांशी भांडायचे.

जयदीप तालमीच्या फुटबॉल संघाचा कॅप्टन. पस्तिशी गाठली होती, गुडघा पावसाळ्यात कुरकुरायचा, पण मधल्या फळीत बॉल त्याच्या पायात आला की अख्खं कोल्हापूर श्वास धरायचं. पळण्यात त्याच्यापेक्षा वेगवान छप्पन्न होते. पण मैदानावर कोण कुठं आहे हे ह्याला आधी कळायचं. ‘जयदीपला पाठीत डोळे हायत,’ असं लोक म्हणायचे आणि तो ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. न ऐकल्यासारखं करणं त्याला चांगलं जमायचं.

ही नजर आता पोरांना मिळणार होती. डॉक्टर अन्विता बर्वे नावाची एक बाई पुण्याहून आली होती आणि तालमीच्या माडीवर, खाली आखाडा आणि वर यंत्रं असा संसार थाटून दोन हंगाम बसली होती. तिच्या प्रकल्पाचं नाव लांबलचक आणि संस्कृत होतं. पेठेनं ते एका दिवसात मोडीत काढलं आणि ‘चौगले चष्मा’ असं नवं ठेवलं.

त्यातलं विज्ञान समजायला अवघड नाही. चांगल्या आणि साध्या खेळाडूचे डोळे सारखेच असतात. डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं तर फळ्यावरची शेवटची ओळ दोघंही वाचतात. फरक बघण्यात असतो. साधा खेळाडू बॉल बघत बसतो. मुरलेला खेळाडू बॉल अजून दुसऱ्याच्या पायात असतानाच मान वळवून खांद्यावरून मागं बघून घेतो, परत बघतो, आणि बॉल त्याच्यापर्यंत येतो तेव्हा पुढं काय करायचं ते ठरलेलं असतं. तो कमी ठिकाणी बघतो, पण नेमक्या ठिकाणी बघतो. नको तिथून नजर लवकर काढून घेणं, हीसुद्धा त्याच्या कसबातलीच गोष्ट.

आता, डोळा कुठं वळला हे टिपणारी यंत्रं पूर्वीही होती. अन्विताचा शोध त्याच्या पुढचा होता. डोळा एखाद्या गोष्टीवर पडला म्हणजे ती मेंदूत पोचली असं नाही. किल्ली समोर टेबलावर असते आणि आपण घर धुंडाळत फिरतो. पण गोष्ट खरोखर ध्यानात आली, तर बाहुली किंचित मोठी होते आणि डोक्यात एक बारीकशी लहर उमटते, डोळ्याची पापणी लवावी एवढ्या वेळात. खेळाडूच्या डोळ्यात भिंग आणि कानामागं पट्टी बसवली की यंत्राला दोन्ही कळायचं. पडद्यावर नजर जिथं थांबली तिथं पांढरं कडं दिसायचं. ते ध्यानात आलं असेल तर कडं भगवं व्हायचं. पांढरं म्हणजे पाहिलं. भगवं म्हणजे जाणलं.

दोन हंगाम जयदीप आणि त्याचा सगळा संघ हे भिंग घालून खेळला. त्यातून यंत्र जयदीपचं बघणं शिकलं. मग पोरांना हलके चष्मे दिले. चष्म्याच्या काचेवर एक पुसट कडं फिरायचं, या क्षणी जयदीप असता तर त्याची नजर जिथं गेली असती तिथं. पोराची नजर त्यामागं गेली की कानामागं हलकीशी टिचकी वाजायची. हळूहळू कडं पुसट होत जायचं आणि सवय मागं राहायची. बॉल कुठं मारायचा हे यंत्र सांगत नव्हतंच. नजर कुठं न्यायची आणि कुठून काढायची, एवढंच. पाय काय, नजरेमागून जातात.

तर त्या रविवारी पोरांचा पहिला जाहीर सामना होता. चष्मे काढून, नुसतं नोंदीचं भिंग आणि पट्टी ठेवून. चार महिन्यांत नजर किती मुरली ते पेठेला दाखवायचं होतं.

सुरुवातीला लोकांनी तोंडात बोटं घातली. बारा-तेरा वर्षांची पोरं, पण बॉल यायच्या आधी मान अशी वळवत होती की जणू तालमीचे अकरा जयदीप धुण्यात आटून लहान झाले आहेत. अण्णांचे डोळे भरून आले. त्यांनी जयदीपच्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की त्याच्या हातातला चहा हिंदकळला.

डाव्या बगलेवर मेहेक मुल्ला नावाची मुलगी खेळत होती. काटकुळी, पण पळायला लागली की बचाव करणाऱ्यांची त्रेधा उडायची. दहाव्या मिनिटाला ती एकटीच सुटली. समोर फक्त गोलकीपर. मधल्या पोराच्या पायात बॉल होता. त्यानं खांद्यावरून बघितलं, मेहेकवर त्याची नजर क्षणभर टेकली, मग त्यानं पायाच्या तळव्यानं बॉल दाबून धरला, हनुवटी उजवीकडं उचलली आणि पास उजवीकडं दिला.

‘चुकलं पोरगं,’ असं कुणीतरी म्हणालं. थोड्या वेळानं दुसऱ्या पोरीनं तेच केलं. तसंच बघितलं, तसाच तळवा टेकवला, तशीच हनुवटी. मेहेक हात वर करून उभी होती. मग तिसऱ्यानं. मेहेक थोडी मोकळी असली, म्हणजे अंगावर एखादा खेळाडू असला, की तिला पास मिळत होता. पण ती पूर्ण मोकळी झाली, आता गोल होणारच असं झालं, की प्रत्येक पोराची नजर तिच्यावर टेकायची आणि विस्तवाला हात लागल्यासारखी निघून यायची.

जयदीपच्या हातातला चहा गार झाला. तो तळवा, ती हनुवटी त्यानं कधी आरशात बघितली नव्हती, तरी ती कुणाची आहे हे त्याला लख्ख कळलं. भर चौकात आपलं धोतर सुटावं आणि ते अजून आपल्याशिवाय कुणाच्या लक्षात येऊ नये, तसं त्याला झालं.

सामना संपल्यावर त्यानं मधल्या पोराला बाजूला घेतलं.

“मेहेक मोकळी हुती की रं. दिसली न्हाई व्हय?”

पोरानं त्याच्याकडं निरागस तोंड करून बघितलं. “न्हाई दादा. दिसली न्हाई.”

ते निरागस तोंडही जयदीपचंच होतं.

दुपारी अन्वितानं त्याला माडीवर बोलावलं. खालच्या आखाड्यातल्या तांबड्या मातीचा, तेला-ताकाचा वास तिच्या यंत्रांनाही लागला होता. ती गोंधळलेली दिसत होती.

“मला आधी वाटलं, बिघाड आहे,” ती म्हणाली. “मुलं डावीकडचा सगळ्यात मोकळा खेळाडू सोडून देतायत. बरं, त्यांना तो दिसतोय. कडं भगवं होतंय, हे बघा. म्हणून मी मूळ नोंदींकडे गेले. तुमच्या.”

पडद्यावर जयदीपच्या डोळ्यांतून मैदान उलगडलं. डाव्या बगलेवर पळणारा निळा शर्ट. तो संताजी मगदूम, जयदीपचा मेव्हणा. पांढरं कडं संताजीवर गेलं, भगवं झालं, चांगलं ठसठशीत भगवं, आणि निघून उजवीकडं गेलं. दुसरा सामना. तिसरा. मागचा हंगाम, हा हंगाम.

“एकूण पास बघितले तर तुम्ही सगळ्यात जास्त संताजीलाच देता,” अन्विता म्हणाली. “म्हणून हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही. फक्त तो नक्की गोल करणार अशी जागा असली की देत नाही. तेवढ्याच वेळी. यंत्रानं हे तुमचं कौशल्य समजून उचललंय. मला फुटबॉल कळत नाही, जयदीप. म्हणून विचारते, ह्यामागं काही डावपेच आहे का? नसेल तर मी आज संध्याकाळपर्यंत हे मुलांच्या चष्म्यांतून काढून टाकते.”

तिच्या आवाजात संशयाचा लवलेश नव्हता. खरं म्हणजे तेवढंच पुरेसं होतं. ‘नाही’ म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण ‘नाही’ म्हटलं की ‘मग काय आहे’ हा प्रश्न आलाच असता.

“डावपेच हाय, मॅडम,” जयदीप म्हणाला. “एवढा मोकळा सोडलेला माणूस म्हंजी सापळा असतोय. समोरचे मुद्दाम सोडत्यात. नवख्याला ते कळत न्हाई.”

अन्विताचा चेहरा उजळला. “बघा! आणि मी काढायला निघाले होते. मग राहू दे. उलट हे अजून पक्कं करते.”

जयदीप जिना उतरला तेव्हा त्याचे कान तापले होते. खाली आखाड्यात दोन पोरं मातीत लोळत होती, त्यांनी त्याला वाकून नमस्कार केला. तो त्यानं घेतला, हे त्याला नंतर कितीतरी दिवस खात राहिलं.

संताजीला घडवलं होतं कुणी? जयदीपनंच. मंजिरीशी त्याचं लग्न झालं तेव्हा तिचा हा भाऊ शाळेत होता, आणि मांडवातसुद्धा नारळ पायानं ढकलत हिंडत होता. जयदीपनं त्याला मैदानावर नेलं, पहिले बूट घेऊन दिले, डावा पाय घोटून घेतला. मग संताजीच्या पहिल्या मोठ्या सामन्यात जयदीपनं अर्ध्या मैदानावरून असा पास टाकला की कुणालाही गोल करता आला असता. गोल झाला. स्टेडियम उठून उभं राहिलं आणि “संताऽ संताऽ” अशी आरोळी घुमली. पास कुणाचा हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती. त्या संध्याकाळी अण्णा मजेत म्हणाले, “जयदीप, आता तू बसून खाल्लंस तरी चालतंय.” जयदीप सगळ्यांबरोबर हसला होता.

त्यानंतर त्यानं ठरवून काही केलं नाही. ठरवलं असतं तर निदान स्वतःशी कबूल तरी करावं लागलं असतं. नजर जायची आणि पायाच्या आतच कुणीतरी बॉल दाबून धरायचं. सामन्यानंतर संताजी धापा टाकत यायचा, “दाजी, मोकळा हुतो की.” आणि जयदीप त्याच्या मानेवर हात टाकून म्हणायचा, “दिसला न्हाईस लेका.” मैदानावर ह्या दोन शब्दांना कुणी आव्हान देऊ शकत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांत शिरून कोण बघणार? निदान परवापरवापर्यंत तरी असंच होतं.

त्या रविवारी रात्रीचं जेवण संताजीचं बहिणीकडंच होतं, दर रविवारी असायचं. मंजिरीनं तांबडा-पांढरा केला होता. संताजी खुशीत होता. शुक्रवारच्या फायनलला बंगळुरूच्या क्लबचा माणूस खेळाडू बघायला येणार होता. मागच्या वर्षीही आला होता, तेव्हा संताजीच्या वाट्याला काही आलं नव्हतं. या वर्षी संताजी पंचविशीचा होईल. त्यांची वयाची अट तिथं संपते.

“मी काय म्हणते,” मंजिरी नवऱ्याच्या वाटीत रस्सा ओतत म्हणाली, “शुक्रवारी एक तरी धड पास द्या माझ्या भावाला. नुसतं घरात मटण घालून काय हुतंय?”

“ताई, गप की,” संताजी म्हणाला. “दाजीच मला सगळ्यात जास्त पास देत्यात. आकडे बघ जा.”

तो हे जयदीपकडं न बघता, भाकरी चुरत म्हणाला.

“आज ती मुल्लांची पोरगी रडत हुती,” संताजी पुढं म्हणाला. “म्हणाली, मला गोलकीपर करा. म्हटलं, का गं? तर म्हणती, तिथं बॉल येतोय तरी.”

मंजिरी हसली. संताजीही हसला. जयदीप पाणी प्यायचं निमित्त करून उठला आणि मोरीत नळ सोडून नुसताच उभा राहिला.

पुढचे दिवस त्यानं एकच घोकलं. शुक्रवारी संताजी मोकळा दिसला की पास द्यायचा. बस्स. एक पास, एक गोल, बंगळुरूचा माणूस, की सगळं फिटलं. कुणाला काही सांगायची वेळच येणार नाही. सरावात त्यानं डाव्या बाजूला इतके पास टाकले की बाकीचे चेष्टा करू लागले. माडीवर मात्र तो गेला नाही. पोरांचे चष्मे चालूच होते.

फायनल पागा तालमीशी होती. दोन्ही पेठा दुपारपासूनच स्टेडियममध्ये कोंबल्या होत्या, हलगी कडाडत होती. पाहुण्यांच्या कट्ट्यावर बंगळुरूचा माणूस टोपी घालून बसला होता. खेळ घासून चालला, गोल कुणाचाच होईना. पागावाल्यांनी संताजीला दोन जण चिकटवले होते. जयदीप वाट बघत राहिला.

सामना संपत आला असताना ती वेळ आली. एक बॉल उंचावरून जयदीपकडं येत होता. त्यानं खांद्यावरून बघितलं. संताजीच्या दोन पहारेकऱ्यांपैकी एक पडला होता, दुसरा फसून मध्ये आला होता. डावी बाजू अख्खी मोकळी होती आणि तिथून संताजी निघाला होता. बॉल पायात आला. तळवा आपसूक बॉलवर टेकला, हनुवटी उजवीकडं उचलली जाऊ लागली. जयदीपनं दात आवळले आणि मान ओढून डावीकडं आणली. आयुष्यात कधी दिला नव्हता असा पास त्यानं दिला. गवताला न लागता गेल्यासारखा, धावत्या संताजीच्या बरोबर पावलावर.

संताजी बघतच नव्हता.

तो पळत होता गोलाकडं तोंड करून. उजवीकडून कुणीतरी मारेल, गोलकीपर तो बॉल परतवेल आणि मग आपल्याला मिळेल, तर मिळेल, या हिशोबानं तो पळत होता. दोन हंगाम त्याला गोलासमोर बॉल मिळाला होता तो असाच, दुसऱ्यांच्या उष्ट्यावर. जयदीपचा पास त्याच्या टाचेमागून शांतपणे निघाला आणि रेषेबाहेर गेला.

मग सोनटक्के तालमीच्या बाजूनं जो गलका उठला, त्यातला एक शब्द जयदीपला ओळखू आला. “आंधळाऽ!” तो संताजीसाठी होता. पागावाल्यांनी बॉल लगेच आत फेकला, गडबडलेली बचावफळी सावरायच्या आत तिघांनी तो पुढं नेला आणि गोल केला. तोच शेवटचा ठरला. बंगळुरूचा माणूस उठला, टोपी सारखी केली आणि पागाच्या मुलांकडं चालत गेला.

सोनटक्के तालमीत हरलेल्या सामन्याचा दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनामा होतो. ही पूर्वापार चाल आहे. सगळी पेठ आखाड्याभोवती बसते, आणि ज्याला जाब विचारायचा तो अनवाणी तांबड्या मातीत उभा राहतो. मातीत उभं राहून खोटं बोलायचं नाही, एवढाच नियम. यंत्र आल्यापासून भिंतीवर पडदाही लावतात.

संताजी मातीत उभा होता. अण्णांनी विचारलं, “एवढा पास आलता. का घेतला न्हाईस?”

“दिसला न्हाई, अण्णा.”

लोक हसले. ते हसणं चांगलं नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, “बंगळुरूची स्वप्नं पडत हुती दिवसा!”

“मॅडम, यंत्र काय म्हणतंय?” अण्णांनी विचारलं.

संताजीच्या डोळ्यांतला तो क्षण पडद्यावर आला. बॉलवर कडं नव्हतं. पांढरंसुद्धा नव्हतं.

“यंत्र म्हणतं, खरं बोलतायत,” अन्विता म्हणाली. “त्यांनी जयदीपकडे बघितलंच नाही.”

“कॅप्टनकडं न बघता फुटबॉल खेळतोय हा!” अण्णा उखडले. “आजवर असाच खेळलास व्हय?”

अन्विता कामाला चोख. प्रश्न विचारला गेला म्हणून तिनं मागच्या नोंदी काढल्या. पहिल्या हंगामात संताजी मोकळा झाला की दर वेळी मान वळवून जयदीपकडं बघत होता. भगवं कडं, थेट जयदीपच्या चेहऱ्यावर. मग कधी बघत होता, कधी नाही. मग क्वचित. या वर्षी एकदाही नाही.

“हे असं का झालं असेल, मला…” असं म्हणत तिनं जयदीपकडं बघितलं, आणि तिचा हात थांबला. तिला कळलं होतं. ती खाली बघून उगाच वायरी सारख्या करू लागली.

तिनं तोंड उघडलं असतं तर जयदीपला कदाचित सोपं गेलं असतं. सगळी पेठ संताजीकडं बघत होती आणि संताजी स्वतःच्या पायांकडं. बायकांच्या बाजूला मंजिरी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, भावाची लाज वाटून. भावाची! जयदीपनं चपला काढल्या आणि तो मातीत उतरला.

“त्याला सोडा,” तो म्हणाला. “मॅडम, माझं लावा. रविवारी मला दाखवलंसा ते. आणि तो डावपेच न्हवता. मी खोटं बोललो तुमच्याशी.”

पडद्यावर निळा शर्ट आला. पांढरं कडं, भगवं कडं, आणि उजवीकडं. परत. परत. पहिल्या दोन-तीन वेळा कुणाला काही कळलं नाही. मग हळूहळू कुजबुज बंद झाली.

अण्णांनी विचारलं, “दिसत हुता?”

“दिसत हुता.”

“दर वेळी?”

“दर वेळी, अण्णा. मी दिला असता तर गोल त्याचा झाला असता. म्हणून दिला न्हाई.” एवढं बोलून त्याला वाटलं, आता कुणीतरी शिवी द्यावी, माती फेकावी. कुणी काही केलं नाही. लोक नजर चुकवून उठले आणि एकेक करून बाहेर पडले, जसे चुकून दुसऱ्याच्या न्हाणीघरात डोकावलेले लोक निघून जातात. मंजिरी उठली तेव्हा तिनं पदर सोडून दिला होता. ती नवऱ्याच्या बाजूनं न जाता मागच्या दारानं गेली.

संताजी बाहेर नळावर पायाची माती धूत होता. जयदीप शेजारी उभा राहिला.

“संता…”

“म्हाईत हुतं मला,” संताजी म्हणाला. “यंत्र यायच्या आधीपासनं. तुमची माझी नजरानजर हुईत हुती की, दाजी. मी काय आंधळा न्हवतो.”

“मग बोलला का न्हाईस?”

“कुणाला? ताईला?” संताजीनं नळ बंद केला. “तुम्हीच बूट घेऊन दिल्यालं. तुमच्याविरुद्ध काय बोलायचं? मग मी वर बघायचंच सोडलं. बघून न मिळाल्यावर लई लागतंय. न बघता पळालं तर तेवढं लागत न्हाई.” त्यानं ओले हात झटकले. “शुक्रवारी मात्र खरंच दिसला न्हाई. तेवढं तुमच्यासारखं न्हवतं.”

त्यानं चपला घातल्या. गाडीला किक न मारता ती नुसती ढकलत तो फाटकापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, “मेहेकला मीच सांगितलंय. बॉल ज्याच्याकडं असंल त्याच्याकडं बघू नगंस म्हणून. ते तुम्हाला निस्तरावं लागंल.”

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मंजिरीनं नेहमीसारखी तीन ताटं मांडली. तिसऱ्या ताटावर झाकण घालून ठेवलं आणि सकाळी ते तसंच उचललं.

अन्वितानं चष्म्यांतून जयदीपची नजर पुसली. सगळीच पुसली, त्यानंच तसं सांगितलं. पण तिनं हेही सांगितलं की यंत्रातून पुसणं सोपं असतं. सवय पोरांच्या डोक्यात उतरली आहे आणि तिला पुसायचं बटण नाही. ती मैदानावरच जाईल, गेली तर.

म्हणून पुढच्या रविवारी जयदीप एकटाच मैदानावर गेला. आईबाप कडेला नव्हते. पोरं आली होती, थोडी. काहींच्या घरून पाठवलं नव्हतं. मेहेक गोलपोस्टपाशी हातमोजे चढवत बसली होती. जयदीपनं तिला डाव्या बगलेवर जायला सांगितलं. ती गेली.

तो मधोमध उभा राहिला. “पळ,” म्हणाला, आणि ती पळाल्यावर पास टाकला. मेहेक गोलाकडं तोंड करून पळत राहिली. बॉल तिच्यामागून रेषेबाहेर गेला. जयदीप तो आणायला गेला. कुरकुरत्या गुडघ्यानं परत मध्ये आला. “पळ.” बॉल परत बाहेर. परत तोच आणायला गेला. पोरं धावली तेव्हा त्यानं त्यांना हातानं थांबवलं. असं किती वेळ चाललं कोण जाणे, उन्हं चांगलीच वर आली होती. मेहेकची पावलं मंदावली होती, त्याचीही.

मग एकदा, पळता पळता, मेहेकनं मान वळवली. मोठ्या, काळ्या, थकलेल्या डोळ्यांनी तिनं सरळ त्याच्याकडं बघितलं. बॉल जयदीपच्या पायात होता. डावी बाजू मोकळी होती.

जयदीपची नजर खाली गेली. ज्याला पाठीत डोळे आहेत म्हणून गावानं मिरवलं, त्या माणसाला बारा वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांत बघवेना. तळवा बॉलवर टेकला होता आणि तो गवताकडं बघत उभा राहिला.

“दादा,” मेहेक लांबून ओरडली. “बघा की इकडं!”

खाली बघून पास देता येत नाही. हे त्यानंच पोरांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं. त्यानं मान वर केली.